बघ्यांची गाडी

आमच्या लोहगडवाडीत तिला समदी बघ्यांची गाडी म्हणायची. ममईचे सायेब, पारशी, शेट आन् त्येंच्या बायका. कामधंदा न्हाई. ऐतवारी सकाळी गाडीत बसायचं, पुण्यापातुर जायचं आन् दुपार कलली की माघारी फिरायचं. कशाला? तर डोंगर बघायला! आवं, डोंगरात काय बघायचंय? आमी जलमभर त्येच्या उरावर राहतो, आमाला कवा कुणी बघायला आलं न्हाई. पण सायबाची हौस. पावसाळ्यात इसापूरच्या किल्ल्याच्या कड्यावरनं पाण्याच्या धारा सुटल्या की ती गाडी पाटण गावाच्या अंगाला रुळाच्या वळणावर घटकाभर उभी ऱ्हायची. टेसन न्हाई, फलाट न्हाई, नुसती उभी. खिडक्यांतनं माना भाईर काढून समदी वर बघत बसायची.

आमची गाडी म्हंजे पाशिंजर. तिला डोंगराचं काय कवतिक नव्हतं. मळवलीच्या टेसनात थांबायची, माणसं, टोपल्या, कोंबड्या आत घ्यायची आन् रखडत रखडत लोणावळ्याला जायची. यायची कवा, ते तिच्या मर्जीवर.

दुसरी लढाई लागायच्या आदीची गोष्ट सांगते. भादवा व्हता. माजं पयलं बाळंतपण, आन् मी अडले.

शनवारी कळा सुरू झाल्या. ऐतवार उजाडला तरी सुटका न्हाई. बयामावशी आमच्या वाडीची सुईण. तिनं हात लावून बघितलं आन् तिचं तोंड उतरलं. मला म्हणाली, "काय न्हाई गं पोरी, हुईल." मग भाईर गेली आन् पुरुषांना खरं ते सांगितलं. कुडाची भित, मला समदं ऐकू आलं.

"पोर आडवं आलंय. हात खाली उतरलाय. हे माज्या हातनं व्हायचं न्हाई. लोणावळ्याच्या डॉक्टरणीकडं न्या. दिवेलागणीच्या आत न्या, न्हाईतर दोघंबी जात्यात."

दोघंबी! म्हंजे पोटातलं आन् मी. मी ऐन इशीतली पोर व्हते. मला मरायचं नव्हतं. बाळंतपणात बाई गेली की लोक म्हणत्यात सोनं झालं. कसलं सोनं न् काय! माती व्हती. मला तितं पडल्यापडल्या नुसती भीती वाटत व्हती, आन् भीतीच्या वर राग.

लोणावळा तसं लय लांब न्हाई. पण इंद्रायणीला पूर, गाडीवाट चिखलात बसलेली, बैलांचे पाय गुडघ्यापातुर रुतत व्हते. आगगाडीबिगर दुसरा इलाज नव्हता. घोंगड्याची झोळी केली, बांबूला बांधली, मला तिच्यात घातलं. फुडनं आमच्या मालकांनी बांबू खांद्यावर घेतला. मालकांचं नाव गेणू. आता एवढं वय झाल्यावर नाव घेतलं तर काय बिघडतंय? मागनं कोंडाजीभाऊ, आमचा शेजारी. दोघांचे खांदे मोडले तर बदली म्हणून वाडीतले आणखी दोघं. सगळ्यांच्या फुडं काठी टेकत माजे सासरे, भिमाजी. त्येंना समदी आबा म्हणायची. आन् माज्या उशाला झोळीचा काठ धरून बयामावशी.

भाजे गावाच्या वर वाट फुटती. तितं येऊन समदी थांबली आन् सुरू झालं भांडण.

"मळवलीला जायाचं," आबा म्हणाले. "पाशिंजर धरायची. गाडी आपली हाय. उशिरा येईल, पण आली की थांबणार."

"पाशिंजर दिवेलागणीला, तीबी आली तर!" कोंडाजीभाऊ उसळला. "ओढा चढलाय, टेसनाला वळसा घालून जायाचं. तवर हिचं काय? त्यापरीस हितनं खाली उतरलं की रुळाचं वळण. बघ्यांची गाडी आता येईल. हिला उचलायची, गार्डाच्या डब्यात घालायची, एका दमात लोणावळा!"

"सायेब लोक घेत्यात व्हय आपल्याला?"

"गार्ड माज्या वळखीचा हाय. माजी कणसं खातो त्यो."

ह्या कोंडाजीभाऊचं सांगायलाच पायजे. त्यो ऐतवारी वळणावर शेगडी घेऊन जायचा, मक्याची कणसं भाजून त्या गाडीतल्या लोकांना इकायचा. तेवढ्यानं गडी असा फुगला व्हता, की जशी काय ती गाडी त्येच्या सासऱ्यानं आंदण दिलीय. कोणत्या सायबाला लिंबू जास्ती लागतं, कोणत्या मडमेला तिखट सोसत न्हाई, पारावर बसून हेच पुराण.

"आन् न्हाई थांबली तर?" आबांनी इचारलं.

"थांबती! दर ऐतवारी थांबती. मी काय आंधळा हाय?"

मालक म्हणाले, "मावशी, तू सांग."

"मला गाड्यांतलं काय कळतंय बाबा? आदी येईल ती धरा. हिच्याकडं येळ न्हाई."

मालकांनी आबांकडं बघितलं, कोंडाजीभाऊकडं बघितलं, मावशीकडं बघितलं. झोळीत बघितलं न्हाई. मग म्हणाले, "चला वळणावर."

उतार घसरडा. पुरुषांनी डोक्यावर घोंगड्याच्या खोळी घेतलेल्या, नजर समदी पायाखाली, चिखलात. त्येंचं काय चुकलं न्हाई, एक पाय सटकला असता तर मी दरीत गेले असते. पण माजं तोंड आभाळाकडं व्हतं. कळ आली की डोळं मिटायची, गेली की उघडायची. एकदा डोळं उघडलं तवा इसापूरचा कडा दिसला, त्येच्यावरनं धारा लागलेल्या. पुन्हा उघडलं तर अर्धा कडा गायब. तिसऱ्यांदा बघते, तर वर कायच न्हाई. धुकं उतरलं व्हतं. रुळापाशी पोचलो तवर समोरचं पाटण गावबी दिसंना.

आता तुमीच सांगा, ज्या गाडीला डोंगर बघायचाय ती डोंगर दिसत नसंल तर थांबंल कशाला?

मी म्हणले, "अवं, थांबायची न्हाई ती."

कुणी लक्ष दिलं न्हाई. मालक गवतावर झोळी टेकवत व्हते.

"अवं ऐका की! कडा कुटं दिसतोय? बघायलाच काय न्हाई तर गाडी कशाला थांबंल?"

"कळा लागल्या की बाईमाणूस कायबी बरळतं," कोंडाजीभाऊ म्हणाला. "गप पड, रतन."

असा राग आला! एवढ्यात कळ आली, दात खाऊन ती सोसली आन् मग मी त्येला सरळ इचारलं, "कोंडाजीभाऊ, पावसाच्या ऐतवारी तुमी कणसं घेऊन येता का हो हितं?"

"पावसात इस्तू पेटतो व्हय?"

"मग पावसात, धुक्यात ती गाडी थांबती, हे तुमी कवा बघितलं?"

 कोंडाजीभाऊनं वर बघितलं. मग समद्यांनीच खोळी मागं सारून वर बघितलं. एवढ्या येळात पयल्यांदा. वर पांढरं फट्ट, बाकी काय न्हाई. त्येनं उघडिपीचेच ऐतवार बघितले व्हते, आन् तेवढ्यावर छातीठोक दर ऐतवारी दर ऐतवारी करत व्हता.

"आरं देवा," बयामावशी म्हणाली.

"म्हंजे आता टेसनाला पळायचं?" मालकांनी इचारलं.

"कसं पळणार?" आबा तडकले. "मघाची वाट मागं ऱ्हायली. हितनं जायाचं तर फुडचा रुळावरचा पूल. ओढा खाली खवळलाय. आन् ती गाडी पुलावरच गाठ पडली तर? तिला धूरबी न्हाई."

ते खरं व्हतं. पयली इंजिनं धुराची, कोसभर लांबनं कळायचं. आता बिजलीची आलती. ना धूर, ना धापा. धुक्यातनं कवा अंगावर येईल त्येचा नेम न्हाई. म्हणून गाडी जाईपातुर तितंच बसायचं ठरलं. थांबली तर बरं, न्हाईतर ती गेल्यावर पूल. कोंडाजीभाऊ मातर अजून आस सोडंना. "थांबंल," त्यो म्हणत व्हता, "मला बघितलं की थांबंल." पण आता त्यो आमच्याशी न्हाई, स्वताशीच बोलत व्हता.

बसलो. बयामावशी माज्या पोटावर हात ठेवून व्हती. हाताखाली पोर हललं की म्हणायची, "हाय गं, हाय." मग लय येळ ती कायच म्हणाली न्हाई. मी तिच्या तोंडाकडं बघत पडले. तिनं तोंड फिरवलं. मी मनात म्हणले, हल की रं बाबा, एकदा हल. तवा कुटं त्यो हलला.

रूळ वाजायला लागले.

कोंडाजीभाऊ उठला आन् रुळाच्या कडंला जाऊन दोन्ही हात वर करून नाचायला लागला. मालक त्येच्या मागं. आबांनी काठी वर केली. चौघं-पाचजण बोंबलत व्हते, "थांबा! ओ सायेब! थांबा! बाई अडलीय!" गाडी धुक्यातनं निघाली ती एकदम अंगावरच. आत दिवं लागलेले, काचा बंद. भराभरा डबं गेले. काचेआड माणसं दिसत व्हती. कुणी खात व्हतं, कुणी पत्त्यांचा डाव मांडलेला. एक बाई मातर खिडकीला नाक लावून बसलेली. तिला आमी दिसलो. तिनं हातानं काच पुसली, आन् हसून आमाला हात केला.

आमी थांबा म्हणून हात करतोय, आन् तिला वाटलं आमी तिला रामराम करतोय! मागच्या डब्यातनं दोन पोरांनीबी हात हलवले. गार्डानंसुदिक हलवला. गेली गाडी.

कोंडाजीभाऊ तसाच हात वर करून उभा. मग खाली बसला आन् तोंडात मारून घ्यायला लागला.

"तोंडात नंतर मार," बयामावशी ओरडली. "आता बांबू उचल!"

पुलावर लाकडाच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांच्या मधी मोकळं, आन् खाली गढूळ पाणी. बदलीचे दोघं म्हणाले आमी न्हाई. मालक आन् कोंडाजीभाऊच निघाले. एकानं पाय टाकला की दुसऱ्यानं त्याच पट्टीवर टाकायचा. झोळी इतकी खाली लोंबत व्हती की माजी पाठ लाकडाला घासायची. बयामावशी मागनं चार पायांवर रांगत येत व्हती, तोंडानं "आई एकविरे, आई एकविरे" चाललेलं. मधीच कळ आली. मी हालले तर दोघांचा तोल जाणार. मी घोंगडं तोंडात कोंबलं आन् चावलं. कुणी म्हणंल बाईमाणूस नाजूक असतंय, तर त्येला माज्याकडं पाठवा.

पूल सरला. मागनं आबा आले, शेवटाला ते दोघंबी आले, माना खाली घालून.

मळवलीच्या टेसनात पाशिंजरचा पत्ता न्हाई. मास्तर म्हणाला, बघ्यांच्या गाडीला वाट द्यायला पाशिंजर कामशेतला उभी करून ठेवलीती, आता सुटलीय. दिवेलागण झाली तवा ती आली. तिसऱ्या वर्गात कामशेतच्या बाजाराच्या बाया, टोपल्या, तांदळाची गठुळी, पाय ठेवायला जागा न्हाई. पण झोळी दारात दिसली आन् कुणी कुणाला सांगायच्या आत बाकडं मोकळं झालं. गठुळी छतापातुर चढली. बायांनी लुगड्याचे पदर धरून आडोसा केला. एक म्हातारी माजं डोकं मांडीवर घेऊन बसली. कोण कुटली, मला आजबी ठावं न्हाई. मायेनं केस मागं सारत व्हती. मला वाटलं, आता जगले.

लोणावळ्याचे दिवे दिसायला लागले, आन् गाडी थांबली.

टेसनाच्या अलीकडं, सिग्नलाशी. लाल दिवा. बसलो वाट बघत. सिग्नल काय पडंना. कुणीतरी खाली उतरून इचारून आलं. घाटात दरड कोसळलीती. ममईकडची लाइन बंद. बघ्यांची गाडी लोणावळ्याच्या टेसनात अडकून पडलीती, तिच्यामागं आणखी गाड्या. जागा न्हाई. कवा मिळंल सांगता येत न्हाई.

"सुटंल आता," आबा म्हणाले.

"दिवे तर दिसत्यात," मालक म्हणाले. "एवढ्यात सुटंल."

बयामावशीनं माज्या पोटावर हात ठेवला व्हता. तिनं हळूच, फकस्त मला ऐकू जाईल असं सांगितलं, "पोराचं हालणं बारीक झालंय गं."

मी म्हणले, "उतरवा मला."

"येडी का काय? गाडी सुटली तर?" आबा.

"आदी ती गाडी, मग ही गाडी! खड्ड्यात घाला दोन्ही! गाड्यांपायी माजा जीव चाललाय. माणसाचे पाय हायेत का न्हाई तुमाला? उतरवा, न्हाईतर मी एकली उडी मारीन!"

सासऱ्याच्या तोंडावर अशी बोलले.  आबांनी काठी आपटली, पण कोंडाजीभाऊ तवर खाली उतरला व्हता. खालनं त्येनं हात वर केले. "दे हिकडं," त्यो मालकांना म्हणाला.

डब्यातनं बाजाराचे गडी पटापटा उतरले. कुणी कंदील घेतला, कुणी बांबू. खडीवरनं आमी निघालो. खांदे बदलत व्हते, माणसं बदलत व्हती, पण झोळी कुटं टेकली न्हाई. पोर माज्यात हाय का गेलं ते मला समजत नव्हतं.

रूळ ओलांडून फलाटावर चढलो, तर समोर तीच ती. बघ्यांची गाडी! दिवे झगमगत व्हते. सायेब लोक खाली उतरून चा पेत व्हते, कंटाळले व्हते बिचारे. आमाला बघून ते उठले. एक गोरा हातातला क्यामेरा डोळ्याला लावून आमच्या फुडं उलट्या पावली चालायला लागला. त्येला दिवसभर डोंगर दिसला नव्हता ना. आता मी दिसले, बांबूला लटकलेली.

कोंडाजीभाऊनं बांबू दुसऱ्याच्या खांद्यावर दिला. अंगावरचं भिजकं घोंगडं काढलं आन् त्या गोऱ्याच्या डोक्यावरनं क्यामेऱ्यासकट टाकलं. "बघ," म्हणाला, "आता काय बघायचं ते आत बघ." आन् पुन्हा बांबूला खांदा दिला. फलाटावर आरडाओरडा झाला, पोलिसाची शिट्टी वाजली. आमी थांबलो न्हाई.

दवाखाना पेठेतच व्हता. डॉक्टरीण अनसूयाबाई, चष्मा लावणारी, पुण्याकडं शिकलेली. तिनं मला टेबलावर घेतलं, नळी लावून पोट ऐकलं, हात घालून तपासलं, आन् भाईरच्या पडवीत गेली. दार नीट लागलं न्हाई. ती माज्या माणसांना सांगत व्हती ते मी शबुद न् शबुद ऐकलं.

"आडपडदा ठेवत नाही. मूल अजून जिवंत आहे. पोट उघडून ते काढता येईल. पण तिच्या अंगात ताकद उरलेली नाही आणि इथे तशी सोय नाही. ती वाचेल असं मला वाटत नाही. तिला वाचवायचं तर मूल जाईल. पुण्याला न्यायला आता वेळ नाही. कोणाला वाचवू, लवकर सांगा."

 मग आबांनी घसा खाकरला.

"पयलं पोर हाय, बाई. घराण्याचं पयलं."

"आबा..." मालक म्हणाले. तेवढंच.

"मी काय म्हणतो गेणू, नीट ऐक. पोर गेलं तर पुन्हा यायचं न्हाई. बायकू काय, दुसरी..."

आबा वंगाळ माणूस नव्हते. त्येंनी मला कवा शिळं खाऊ घातलं न्हाई, हात उगारला न्हाई. पण ते बोलत व्हते ते मघाच्या फाट्यावरसारखंच. ही गाडी का ती गाडी. मी मालकांच्या आवाजाची वाट बघत पडले. ते आता बोलतील, आता बोलतील. ते बोलले न्हाईत. त्येंचा हुंदका तेवढा ऐकू आला.

माज्यात कुटनं जोर आला ठावं न्हाई. मी ओरडले, "डॉक्टरीणबाई! पोट माजं हाय. मला इचारा!"

ती आत आली. दार लावलं. माज्या तोंडाशी वाकली. तिच्या चष्म्यावर पाण्याचे थेंब व्हते.

"तू सगळं ऐकलंस?"

"व्हय."

"मग सांग. तुझं काय म्हणणं आहे?"

पोर माज्या पोटात हललं. खरं सांगते, त्याच येळी हललं. बारीकसं. आन् मी म्हणले, "मला राखा."

तिनं मान डोलावली. तरी मी पुन्हा मोठ्यानं म्हणले, भाईर नीट ऐकू जावं म्हणून, "मला जगायचंय!"

पोरगा व्हता. मी त्येला मांडीवर घेऊन बघितला. नाक आमच्या मालकांचं. मी इतकी रडले की टाके तुटतील म्हणून डॉक्टरीण रागावली. त्या पोरासाठी मी आजबी रडते. पण रडणं येगळं आन् पस्तावणं येगळं, आन् ज्येला त्यातला फरक कळत न्हाई त्येच्याशी मी वाद घालत न्हाई. वाडीत बाया माज्या पाठीमागं लय काय काय बोलल्या. आई का वैरीण, असंबी बोलल्या. आबांनी तर पुढच्या शिमग्यापातुर माज्या हातचं पाणी घेतलं न्हाई. मी तांब्या भरून ठेवायची आन् ते स्वता उठून रांजणातनं घ्यायचे.

पण ते मागनं. दवाखान्यातनं मला सोडलं तवा न्यायला मालक एकलेच आलते. टेसनापातुर एक शबुद बोलले न्हाईत. पोराला त्येंनीच पुरलं व्हतं, एकट्यानं. पाशिंजर लागली. रीतीपरमाणं ते फुडं, मी मागं. दारापाशी गेले आन् आत चढायच्या ऐवजी तितंच थांबले. मागं वळले. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता हे बोलणार, एवढे दिवस साठवलेलं समदं माज्या अंगावर वतणार. मी पाय घट्ट रोवून उभी ऱ्हायले, म्हणले बोला, ऐकून घेते.

ते म्हणाले, "तुला कुटं बसायचंय?"

मला ऐकलेलं खरंच वाटंना. लगीन झाल्यापास्नं ह्या माणसानं मला कशाबद्दल काय इचारलं नव्हतं. गार्डानं शिट्टी मारली, तरी ते दारात तसेच उभे, माज्या तोंडाकडं बघत.

"खिडकीपाशी," मी म्हणले.